वाऱ्याची वाटणी

अलिबागहून मुरुडच्या वाटेला पहाटे सायकल काढली की पहिला तास-दीड तास माणसाचं स्वतःविषयीचं मत फार चांगलं असतं. हिवाळ्यात तर विचारूच नका. जमिनीवरून समुद्राकडे निघालेले मतलई वारे डाव्या खांद्यामागून हलका रेटा देत असतात. आक्षीचा पूल, नागावच्या वाड्या, चौलचा नाका भराभर मागे पडतात आणि आपल्या पायांत एवढी रग आहे हे आजवर आपल्यालाच कसं कळलं नाही, असं वाटू लागतं. रेवदंड्याच्या खाडीपुलावर या समजुतीची खात्री होते. मुरुडच्या टपरीवर चहा-वडापाव होईस्तोवर ती टिकते. मग दहा-साडेदहा वाजतात, जमीन तापते, समुद्रावरची गार हवा आत शिरू लागते, आणि आल्या रस्त्यानंच परत जाताना आपली खरी ऐपत किती ते वारा सांगतो.

खारे वारे आणि मतलई वारे यांची आकृती शाळेच्या भूगोलात असते, बाण काढून दाखवायची. किनाऱ्यावरच्या पोरांना ती पाठ करावी लागत नाही. शिडाच्या होड्या होत्या तेव्हा कोळ्यांचा दिवसच या बाणांवर चाले: पहाटे मतलईवर बाहेर, दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी. सायकलवाल्याचं नशीब तेवढं सरळ नाही. त्याचं घर उत्तरेला आणि दुपारचा वारा वायव्येचा. नांदगाव सोडून काशीदच्या चढाला लागलं की डोंगराचा थोडा आडोसा मिळतो, पण पुढे बोर्लीपासून कोर्लईपर्यंत रस्ता समुद्राच्या इतक्या कडेनं जातो की तोंडावर मिठाची चव येते. सकाळी जिथे तिशीच्या वेगानं आलो, तिथे आता अठरा-वीस काढताना दम लागतो. साळावच्या कारखान्यातून माल घेऊन निघालेला एखादा ट्रक शेजारून जातो तेव्हा क्षणभर वारा थांबतो, बरं वाटतं, आणि ट्रक पुढे गेला की वारा मागची बाकी काढल्यागत दुप्पट लागतो.

यातला हिशेब साधा आणि क्रूर आहे. सपाट रस्त्यावर तिशीच्या पुढे गेलं की सायकलवाल्याची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यातच जाते. चाकाचं घर्षण, साखळीचं घर्षण या त्यामानानं किरकोळ बाबी. आणि हवेला लागणारी ताकद वेगाच्या घनानं वाढते. म्हणजे पंचवीसच्या वेगानं जाणाऱ्याला पस्तीसनं जायचं असेल, तर हवेसाठी त्याला पावणेतीन पट जोर लावावा लागतो. पायांचा व्यायाम वाढवून पावणेतीन पट होता येत नाही, हे कळायला शरीरशास्त्र शिकायची गरज नाही. मग उपाय उरतो एकच. आपल्या पुढे दुसरं कोणीतरी हवं. पुढच्याच्या मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर आपलं पुढचं चाक ठेवलं, तर सपाटीवर चौथा हिस्सा ते तिसरा हिस्सा कष्ट वाचतात. जोराच्या वाऱ्यात त्याहूनही जास्त.

रस्त्यावरच्या सायकल शर्यतीचं सगळं नाट्य या वीतभर अंतरात आहे. धावण्याच्या शर्यतीत शेजारच्या पट्ट्यातला माणूस तुमचं काही देणं लागत नाही. कुस्तीत तर प्रश्नच नाही. इथे मात्र ज्याला शेवटच्या दोनशे मीटरमध्ये हरवायचं, त्याच्याच पाठीचा आडोसा घेत आणि त्याला आपल्या पाठीचा आडोसा देत आधीचे तास काढावे लागतात.

मी अलिबागला कॉलेजात असताना, म्हणजे दोन हजार सालाच्या आगेमागे, आम्हा चार-पाच जणांना सायकलचं वेड लागलं. संघ म्हणावा इतके नव्हतो. जिमखान्याच्या सरांनी कागदावर संघ म्हटलं म्हणून झालो. थळचा एक कोळ्यांचा मुलगा होता, तो पहाटे मासळीच्या टोपल्या पोचवून सरावाला यायचा. चौलचा एक माळ्यांचा होता. एक पोयनाडचा, आणि आम्ही दोघे गावातले. नावांपेक्षा गावांनीच हाका मारायचो: ए थळ, ए चौल. सायकली सगळ्यांच्या हिरोच्या हॉक, वाकड्या हँडलच्या, त्यातही दोन सेकंडहँड. गिअर बदलायचे तर हात खाली नेऊन फ्रेमच्या तिरक्या दांडीवरचा खटका ओढायचा. तेवढ्यात खड्डा आला की संपलं.

जमायची जागा समुद्राकाठी, वेधशाळेच्या भिंतीपाशी. अलिबागची ही चुंबकीय वेधशाळा १९०४ सालची. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यानं कुलाब्यातली नाजूक उपकरणं बिघडणार, म्हणून ती इथे आणली गेली. इमारतसुद्धा लोखंड टाळून बांधलेली. आमच्या सायकलींचं पोलाद भिंतीला टेकलं की आत काटा हलत असेल, असा विनोद आमच्यातला एक जण दर आठवड्याला करायचा आणि आम्ही दर आठवड्याला हसायचो. पहाटे साडेपाचला विनोदाचा दर्जा कोण बघतो?

सायकली चालत्या ठेवायचं श्रेय बाजारपेठेतल्या चाचांचं. खाऱ्या हवेत रात्रीतून साखळीवर तांबूस बुरा येतो. रॉकेलनं धुवा, तेल द्या, चार दिवसांनी पुन्हा तेच. पण चाचांचं खरं कसब चाकाचा आउट काढण्यात. चाक फोर्कमध्ये अडकवून ते एका हातानं फिरवायचे आणि दुसऱ्या हातातला खडू रिमच्या अगदी जवळ धरायचे, टेकवायचे नाहीत. चाक जिथे बाहेर आलेलं असेल तिथेच खडूला घासून जायचं आणि रिमवर बोटभर पांढरी रेघ उमटायची. मग त्या रेघेपाशी पलीकडच्या बाजूचा स्पोक चावीनं पाव फेरा आवळायचा, अलीकडचा तितकाच सैल सोडायचा, चाक पुन्हा फिरवायचं. रेघ आखूड व्हायची. असं करत करत एका फेरीत खडू कुठेच लागत नसे. अर्धा अर्धा तास हे चाले आणि चाचा एक शब्द बोलत नसत. काम झालं की चाक फिरतं ठेवून ते दुसऱ्या गिऱ्हाइकाचं पंक्चर बघायला घेत. चाक थांबायच्या आत पुढचं पंक्चर सापडलं तर खूश असत.

वारा वाटून घ्यायला आम्हाला कोणी शिकवलं नाही. पुस्तक नव्हतं, व्हिडिओ बघायची सोय नव्हती, सर स्वतः कबड्डीचे. शिकवलं ते चौलच्या रहाटानं. त्या मुलाच्या वाडीत विहिरीवर जुना रहाट होता, पंप बसल्यावरही मोडून न टाकलेला. गाडगी भरून वर येतात, पन्हळीत ओततात, रिकामी होऊन पलीकडच्या बाजूनं खाली जातात, पुन्हा भरतात. चौल एकदा सहज म्हणाला, आपण असं फिरलो तर? पुढच्यानं दमेपर्यंत ओढण्यापेक्षा दमायच्या आधीच बाजूला व्हायचं, हळू हळू मागे सरकायचं, सगळ्यात मागे जाऊन आडोशाला भरून घ्यायचं, आणि ओळ पुढे सरकेल तसं पुन्हा पुढे यायचं. कोणीच फार वेळ पुढे नाही, कोणीच फार वेळ मागे नाही. जगातले व्यावसायिक संघ नेमकं हेच करतात हे आम्हाला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा आम्ही त्याला नुसतं ‘रहाट’ म्हणायचो. ‘लाव रहाट’ असं कोणी ओरडलं की कोर्लईच्या पुढे ओळ लागायची.

ओळ लागली की बोलणं बंद होतं. फार तर ‘खड्डा’, ‘गाय’, ‘वाळू’. पुढच्याला दिसतं, मागच्याला फक्त पाठ दिसते; म्हणून पुढचा हात खाली करून बोटानं दाखवतो आणि ते बोट एकामागून एक शेवटपर्यंत जातं. बाजूला व्हायचं तर कोपर हलवायचं. कोपर हललं की मागच्यानं वेग न वाढवता पुढे यायचं, हे ‘न वाढवता’ शिकायला एक आख्खा पावसाळा गेला. पुढे आल्यावर प्रत्येकालाच वाटतं की आता आपण दाखवू. दाखवलं की मागची ओळ तुटते, आणि तुटलेल्या ओळीतला शेवटचा गडी म्हणजे नेमका तोच, जो आत्ता पुढे ओढून मागे गेलाय. दमलेल्यालाच मागे टाकायचं असेल तर मग रहाट कशाला?

या रस्त्याची एक खोड मात्र आम्हाला कधी सोडवता आली नाही. दुपारचा वारा अगदी समोरून येत नाही. परतताना तो डाव्या कानावर येतो, समुद्राकडून तिरका. तिरक्या वाऱ्यात आडोसा बरोबर मागे मिळत नाही, उजवीकडे मागे मिळतो. म्हणजे ओळ सरळ न ठेवता पायरी-पायरीनं उजवीकडे पसरायला हवी. बेल्जियम-हॉलंडच्या उघड्या माळांवर शर्यतीतले घोळके रस्त्याची सगळी रुंदी घेऊन असेच पसरतात. आमच्या रस्त्याची रुंदी किती, तर एसटी आणि टेम्पो समोरासमोर आले की एकानं साइडपट्टीवर उतरायचं. वारा डावीकडून, म्हणजे आडोसा उजवीकडे, म्हणजे रस्त्याच्या मधोमध, म्हणजे समोरून येणाऱ्या लाल डब्याच्या तोंडात! त्यामुळे आडोसा मिळायचा दोघांना, फार तर तिघांना. बाकीच्यांनी कडेला वारा खात यायचं. आज कोणी वारा खायचा हे ठरवताना जी कुरकुर व्हायची, तेवढी चहाचे पैसे कोणी द्यायचे यावरूनही झाली नाही.

आंतरमहाविद्यालयीन शर्यतीला आम्ही आदल्या संध्याकाळी एसटीच्या टपावर सायकली बांधून जायचो. कंडक्टर सायकलींचं लगेज तिकीट फाडायचा आणि वर विचारायचा, ‘इतक्या लांब जाताय, मग चालवतच का नाही गेलात?’ त्याला सगळे हसायचे, थळ सोडून. त्याला ते खरंच पटलेलं असायचं.

पहिल्या शर्यतीचं मला आठवतं ते आवाजावरून. पहाटे सहाला, नवी मुंबईच्या बाजूच्या एका रुंद रस्त्यावर, मास स्टार्ट. पाठीवर सेफ्टी पिनांनी टाचलेले नंबर. शिट्टी झाली आणि क्षणात आपण एका घोळक्याच्या पोटात आहोत असं झालं. आत वारा नाहीच. आम्ही समुद्रावर पाच जणांच्या ओळीत जेवढा आडोसा मिळवायचो त्याच्या कितीतरी पट इथे नुसतं मधे बसून मिळत होता. २०१८ साली आइंडहोव्हनच्या विद्यापीठात बर्ट ब्लोकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२१ सायकलपटूंच्या घोळक्याचा अभ्यास केला. मधल्या-मागल्या स्वाराला लागणारा हवेचा अडथळा एकट्या स्वाराच्या जेमतेम ५ ते १० टक्के भरला. आम्हाला टक्के ठाऊक नव्हते, पण कान सांगत होते. आडोशाला बसलेल्या माणसाचे पाय मधूनमधून थांबतात आणि पाय थांबले की फ्रीव्हीलची टिकटिक सुरू होते. त्या सकाळी माझ्या चारी बाजूंना टिकटिक चालू होती. सगळा घोळका विश्रांती घेत होता.

आणि पुढे जायला कोणी तयार नव्हतं. पुढे गेला तो कोपर हलवायचा, मागचा आकाशाकडे बघायचा. वेग घसरत घसरत शाळेच्या सहलीवर आला. एक दूधवाला आपली कॅनवाली सायकल घेऊन बाजूनं आम्हाला मागे टाकून गेला, हे मी पदरचं सांगत नाही. शेवटी थळला राहवेना. ‘लाव रहाट,’ तो ओरडला. आम्ही पाचही जण पुढे गेलो आणि समुद्रावर जे करायचो ते केलं. फरक इतकाच की आता मागे चाळीसेक पाहुणे होते. ते आरामात आले. शेवटच्या वळणानंतर ताज्या पायांनी एकेक करत आमच्या बाजूनं निघून गेले. आमच्यातला थळच तेवढा पहिल्या दहात आला. सर म्हणाले, ‘वऱ्हाड छान आणलंत.’

आमचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. कोणीतरी ओढलं म्हणून ती शर्यत झाली. नाहीतर ती मिरवणूक होती. पण त्या चाळीस जणांनाही मी दोष देणार नाही. त्यांच्या घरी प्रमाणपत्राची वाट बघत होते. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, आणि कॉलेजच्या मैदानावर घाम गाळणाऱ्या निम्म्या पोरांच्या डोळ्यांसमोर तेच असतं. त्यात वावगं काहीच नाही. गोची अशी की प्रमाणपत्रावर लिहिला जातो तो क्रमांक. किती किलोमीटर वारा अंगावर घेतला हे लिहायला त्यात जागा नसते. मग शहाणा मुलगा वारा कशाला घेईल? व्यावसायिक शर्यतीत ही जागा पगारानं भरून काढली आहे. तिथे आयुष्यभर दुसऱ्यासाठी वारा कापणारे गडी असतात, त्यांचे करार असतात, संघाचा म्होरक्या जिंकला की बक्षिसाचा वाटा त्यांनाही मिळतो. अमेरिकेत कॉलेजांचे सायकल क्लब ताकदीप्रमाणे गट पाडतात, नवशिक्यांची शर्यत वेगळी, मुरलेल्यांची वेगळी. आमच्याकडे तेव्हा सगळ्यांची मोट एकच: उसनी हॉक घेऊन आलेला आणि परदेशी सायकलवरचा एकाच शिट्टीवर सुटायचे. आणि या सगळ्यातून निवडून अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाणाऱ्याला पुढे पतियाळा-अमृतसरची पोरं भेटणार असायची, ज्यांच्यापुढे भल्याभल्यांची डाळ शिजत नाही.

पुढच्या वर्षीची शर्यत वेगळी झाली, आणि त्याला कारण एक अनोळखी मुलगा. अर्ध्याच्या पुढे गेल्यावर घोळका पुन्हा सुस्तावला. कोणीतरी डावीकडून सुसाट निघाला. मी जवळ होतो, विचार न करता त्याच्या मागच्या चाकाला लागलो. थोड्या वेळानं मागे वळून बघितलं तर मागे कोणी नव्हतं, रिकामा रस्ता. त्यानंही बघितलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे क्षणभर बघितलं आणि त्यानं कोपर हलवलं.

पुढची वीसेक मिनिटं आम्ही दोन गाडग्यांचा रहाट चालवला. तो मुंबईतल्या कुठल्याशा कॉलेजचा. जर्सीवर नाव होतं पण धुऊन धुऊन अक्षरं गेलेली. त्याचा चेहरा मला आज सांगता येणार नाही. पाठ मात्र अजून सांगता येईल. डाव्या खांद्यावर शिवण उसवलेली आणि वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं घातलेली, बहुधा आईनं. नंबर एकोणचाळीस, त्याची खालची उजवी पिन निसटलेली, त्यामुळे कागदाचा तो कोपरा सतत फडफडायचा. दमला की तो मान डावीकडे झुकवायचा. मला त्याच्या दमण्याचं वेळापत्रक कळलं तसं त्याला माझं कळलं असणार, कारण तिसऱ्या-चौथ्या पाळीनंतर कोपर हलवायची गरज राहिली नाही. मान झुकली की मी बाजूनं पुढे. चढावर मी जरा जास्त वेळ ओढायचो, उतारावर तो. हे ठरलं कधी, कोणास ठाऊक. तिथे दोघांपैकी एकानं जरी दुसऱ्याला फसवायचं ठरवलं असतं, दमल्याचं सोंग करून मागेच बसून राहिला असता, तर घोळक्यानं आम्हाला चघळून टाकलं असतं. आणि दोघांनाही पक्कं ठाऊक होतं की शेवटी फसवायचंच आहे. प्रश्न फक्त कधी.

शेवटचा टप्पा दिसू लागला तसा त्यानं वेग कमी केला. मीही केला. जो आधी जोर लावेल त्याच्या मागे दुसरा बसणार, म्हणून दोघंही वाट बघत राहिलो. मघापर्यंत एकमेकांना वाचवणारे आम्ही आता मान तिरकी करून एकमेकांची पायडलं बघत होतो. तो निघाला. मी त्याच्या मागे लागलो, बाजूला आलो, आणि चाकभर कमी पडलो. रेषेपलीकडे दोघंही रस्त्याच्या कडेला आडवे. थोड्या वेळानं त्यानं ग्लुकोजच्या पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली आणि विचारलं, ‘कुठला रे तू?’ अलिबाग म्हटल्यावर त्याला अलिबागकरांवरचा नेहमीचा तो विनोद आठवला असणार, पण त्यानं केला नाही. एवढ्यावरून मी त्याला आयुष्यभर चांगला माणूस मानीन.

सायकलच्या बाबतीत आपल्याकडे कौतुक होतं ते एकट्याचं. एकट्यानं अमुक इतके किलोमीटर, एकट्यानं काश्मीर ते कन्याकुमारी. त्याला माझी ना नाही. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली दोघांच्या संघात ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पुरी केली, नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली एकट्यानं. दोन्ही गोष्टी मोठ्याच. तिथे दुसऱ्या स्पर्धकाच्या आडोशाला राहायला नियमानंच मनाई आहे. वारा ज्याचा त्यानं घ्यायचा. तो वेगळाच खेळ झाला, जवळजवळ तपश्चर्या.

आपल्या रायगड जिल्ह्यालाही असा एकट्याचा मान देणारी जागा आहे: बोरघाट. मुंबई-पुणे सायकल शर्यत पनवेल ओलांडून खोपोलीला येते तोवर घोळका असतो. शिंग्रोबाच्या देवळाच्या वळणांना लागली की फुटते. चढावर वेगच इतका कमी की आडोशाचा उपयोग राहत नाही. ज्याचं वजन त्यानं वर न्यायचं. १८३० साली गाड्यांसाठी खुल्या झालेल्या या घाटात जो पहिला वर पोचतो त्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, आणि कित्येकदा शर्यत जिंकणाऱ्यापेक्षा त्याचंच नाव लोकांच्या लक्षात राहतं. बरोबरच आहे. राजा दिसतो. पनवेलपासून खोपोलीपर्यंत त्याला आडोसा देत आलेला मित्र त्या वेळी चार वळणं खाली असतो, आणि तिथे टाळ्या वाजवायला कोणी नसतं. २०२६च्या जानेवारीत पुणे ग्रँड टूर झाली, परदेशी संघ पुणे जिल्ह्यातल्या घाटांतून गेले, तेव्हा ओळखीच्या बऱ्याच जणांनी पहिल्यांदाच एक आख्खा संघ एका माणसासाठी राबताना बघितला. ‘ते बाकीचे का जिंकायचा प्रयत्न करत नाहीत?’ असं मला एकानं विचारलं. मी त्याला रहाटाचं सांगितलं.

तो चौलचा रहाट आता नाही. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, ताशी शंभराच्या वर वेगाचे वारे घेऊन. श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्या तर झोपल्याच, पण चौल-रेवदंड्यातही पोफळी अशा मोडल्या की लावणाऱ्यांच्या नातवंडांनी फळ खावं अशा झाडांची एका दुपारीत लाकडं झाली. सायकलवाल्याला त्यानंतर एक लहानसा फरक जाणवला. नागावपासून चौलपर्यंत रस्ता वाड्यांच्या मधून जातो. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे आणि त्यामागे माड-पोफळींची दाट भिंत. भर दुपारी परततानाही तिथे वारा लागत नसे. रेवदंड्यापर्यंत कसंबसं पोचलं की पुढे झाडं सांभाळून घेतील असा भरवसा असायचा. वादळानंतर काही जागी ती भिंत फाटली आणि वारा थेट रस्त्यावर आला. लोकांनी पुन्हा रोपं लावली आहेत. पोफळ वाढायला वर्षं जातात.

रस्ताही बदलला. २०२०च्या मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली. आता शनिवार-रविवारी मुंबईची मंडळी सायकली बोटीत घालून तासाभरात इकडे उतरतात. कार्बनच्या सायकली, आमच्या सगळ्या संघाच्या सायकली मिळून जेवढ्याला आल्या असत्या त्याच्या कित्येक पट किमतीच्या. मला आधी त्यांचा थोडा राग यायचा. मग एका रविवारी कोर्लईपुढे वाऱ्यात एकटाच रखडत होतो, तशी मागून चार जणांची ओळ आली. बाजूनं जाताना शेवटची मुलगी न बोलता जराशी उजवीकडे सरकली, माझ्यासाठी जागा करून. मी मागे लागलो. माझी पाळी आली तेव्हा पुढे गेलो, जमलं तेवढं ओढलं, कोपर हलवलं. रेवदंड्याच्या पुलापर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही. आमच्या वेळी कॉलेजचा मुलींचा संघ कधी उभाच राहिला नव्हता; ही पोर आमच्यातल्या तिघांना तरी मागे टाकून गेली असती.

थळ आता बोटीवर असतो, चौल वाडी बघतो. पोयनाडचा पोलिसात आहे. प्रमाणपत्र त्याच्या कामी आलं, आणि आम्हा सगळ्यांना त्याचा आनंदच झाला.

आता गाडीनं अलिबागकडे येणाऱ्यांना एक विनंती. सुटीच्या सकाळी या रस्त्यावर तुम्हाला एकामागोमाग चिकटून जाणारे पाच-सहा सायकलवाले दिसतील. ती मुलं रस्ता अडवायला अशी चाललेली नसतात. वारा त्यांना तसं चालायला लावतो. मागून हॉर्न वाजवू नका, दचकून एकाचं चाक दुसऱ्याला लागलं तर सगळेच पडतात. थोडं थांबा, समोरचा रस्ता मोकळा झाला की सगळ्यांना एकदम ओलांडून जा. मात्र दोघांना ओलांडून तिसऱ्याच्या पुढे गाडी घालू नका. तुमच्या मागे राहिलेल्यांना पुन्हा ती ओळ गाठता येत नाही, आणि मुरुडहून परतायचं अंतर पन्नास किलोमीटर आहे.